होसे पी. लाउरेल यांची कारकीर्द मराठीत नीट कशी लिहावी

फिलिपिन्सच्या एखाद्या कायदेपंडित नेत्यावर मराठीत लेख लिहायचा झाला, की बहुधा इंग्रजी विश्वकोशातली पदांची यादी समोर ठेवली जाते आणि ती ओळीने मराठीत उतरवली जाते. होसे पी. लाउरेल यांच्याबाबतीत असे केले तर लेख हमखास चुकतो. हे गृहस्थ मंत्री होते, सिनेटर होते, १९३५ ची राज्यघटना घडवणाऱ्यांत होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, जपानच्या ताब्यातल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, देशद्रोहाचे आरोपी होते आणि त्यानंतर पुन्हा लोकांनी निवडून दिलेले सिनेटर होते. यादीत ही पदे एकाखाली एक, सारख्याच वजनाची दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे पाच वेगवेगळ्या राजवटी आहेत. म्हणून दोन गोष्टी आधी मनाशी पक्क्या करा. प्रत्येक पदापुढे ‘हे कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या सत्तेत’ असे विचारायचे. आणि त्यांची निकालपत्रे स्वतः वाचायची, त्यांच्याबद्दल कोणी काय म्हटले आहे ते नंतर. ही पद्धत लाउरेल यांचे समकालीन राजकारणी क्लारो रेक्तो किंवा न्यायमूर्ती होसे आबाद सांतोस यांच्यावर लिहितानाही चालेल.

नावापासून सुरुवात

पूर्ण नाव होसे पासियानो लाउरेल इ गार्सिया. स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचे आडनाव, मग ‘इ’ म्हणजे ‘आणि’, मग आईचे माहेरचे आडनाव. वडील सोतेरो लाउरेल, आई हाकोबा गार्सिया. अमेरिकन अमलात हा क्रम फिरला. आईचे आडनाव मध्ये सरकले आणि त्याचे आद्याक्षर उरले. क्लारो एम. रेक्तो यांचा ‘एम’ म्हणजे मायो, मानुएल ए. रोहास यांचा ‘ए’ म्हणजे आकुन्या. दोन्ही आईकडची आडनावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे मराठी लेखक सवयीने ‘मायो हे रेक्तोंचे वडील’ असे समजून बसतो. लाउरेल यांच्याबाबतीत आणखी एक मेख आहे. त्यांचा ‘पी’ आईचाही नाही आणि वडिलांचाही नाही. पासियानो हे त्यांचे स्वतःचेच दुसरे नाव. मानुएल एल. केसोन यांचा ‘एल’, म्हणजे लुइस, हाही तसाच. एकच नियम सगळ्यांना लावू नका, प्रत्येकाचे पूर्ण नाव तपासा.

उच्चारात ‘जोस’ लिहू नका. स्पॅनिशमधला ‘जे’ हा ‘ह’ होतो, म्हणून होसे. रोहास यांच्या नावातला ‘एक्स’ही ‘ह’ होतो. बातांगास, तानावान, तायाबास या जागांची नावे जशी उच्चारतात तशी लिहावीत. याला एक अपवाद ठेवा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रामोन मॅगसेसे यांचे आडनाव तिकडे ‘मागसायसाय’च्या जवळ उच्चारतात, पण विनोबांना १९५८ मध्ये आणि बाबा आमट्यांना १९८५ मध्ये मिळालेल्या पुरस्कारामुळे ‘मॅगसेसे’ हे रूप मराठीत पक्के रुजले आहे. ते बदलले तर वाचकाला माणूस ओळखूच येणार नाही.

पाच रकान्यांचा तक्ता

लेखाला हात घालण्यापूर्वी कागदावर पाच रकाने आखा: पद, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या घटनेखाली किंवा कायद्याखाली, नेमणूक की निवडणूक, अंतिम सत्ता कोणाची. तिसरा आणि पाचवा रकाना भरताना बहुतेक चुका आपोआप उघड्या पडतात.

१९१६ चा जोन्स कायदा ते १९३५ हा पहिला टप्पा. देश अमेरिकेचा, मनिलात अमेरिकन गव्हर्नर जनरल, विधिमंडळ मात्र फिलिपिनोंचे. १५ नोव्हेंबर १९३५ ला कॉमनवेल्थ सुरू झाले, म्हणजे १९३५ ची घटना आणि केसोन राष्ट्राध्यक्ष, पण सार्वभौमत्व अजूनही अमेरिकेकडे. तिसरा टप्पा जानेवारी १९४२ पासूनच्या जपानी लष्करी प्रशासनाचा. चौथा १४ ऑक्टोबर १९४३ पासूनच्या, जपानी ताब्यातच उभ्या राहिलेल्या दुसऱ्या प्रजासत्ताकाचा, १९४३ च्या घटनेखाली. पाचवा ४ जुलै १९४६ नंतरच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाचा, आणि तिथे पुन्हा १९३५ चीच घटना लागू. १९४६ ला नवी घटना आली असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे.

आता एक ओळ भरून पाहू. लाउरेल १९२२ मध्ये अंतर्गत खात्यात दुसऱ्या क्रमांकाच्या जागी आले आणि १९२३ मध्ये खात्याचे प्रमुख झाले. इंग्रजीत या पदाला ‘सेक्रेटरी’ म्हणतात आणि मराठीत सरळ ‘सचिव’ लिहिले जाते. महाराष्ट्रातल्या वाचकाला सचिव म्हणजे मंत्रालयातला सनदी अधिकारी. इथे ‘अंतर्गत खात्याचे मंत्री’ असेच लिहायला हवे. चौथ्या रकान्यात ‘नेमणूक’, पाचव्यात ‘गव्हर्नर जनरल लेनर्ड वूड’. एवढे भरले की जुलै १९२३ चा राजीनामा समजतो. मनिला पोलिसातल्या रे कॉन्ली या अमेरिकन गुप्तहेराला वूड यांनी पुन्हा कामावर घेतले, फिलिपिनो मंत्र्यांनी याला आपल्या अधिकारावरचे अतिक्रमण मानले आणि सगळ्यांनी एकत्र राजीनामे दिले. पाचवा रकाना रिकामा असता, तर ‘मतभेदांमुळे राजीनामा’ असे एक पोकळ वाक्य तयार झाले असते.

सिनेटच्या दोन ओळीही वेगळ्या ठेवा. १९२५ ते १९३१ ची सिनेट जोन्स कायद्याखालची. देशाचे बारा सिनेट जिल्हे होते आणि लाउरेल पाचव्या जिल्ह्यातून निवडून आले. १९३१ ला याच जागेवर रेक्तो यांनी त्यांना हरवले. १९५१ ची सिनेट मात्र १९४० च्या घटनादुरुस्तीनंतरची. तिथे उमेदवार साऱ्या देशातून निवडून येतो, आणि त्या निवडणुकीत लाउरेल पहिल्या क्रमांकाच्या मतांनी आले. ‘दोनदा सिनेटर’ या दोन शब्दांत हा फरक बुडतो. देशद्रोहाचा आरोप झालेल्या माणसाला संपूर्ण देशाने सर्वाधिक मते दिली, ही या कारकिर्दीतली फार मोठी गोष्ट आहे आणि ती फक्त चौथ्या रकान्यातून दिसते. उलट, १९३५ ते १९४१ या काळात फिलिपिन्सला सिनेटच नव्हती, एकच सभागृह होते. त्या वर्षांत कोणाला ‘सिनेटर’ म्हटलेले दिसले तर ती नोंद बाजूला काढा.

पहिला खटला ते स्वतःच होते

लाउरेल यांचे नाव कायद्याच्या अहवालांत पहिल्यांदा आले ते वकील म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. डिसेंबर १९०९ मध्ये तानावान गावात एका मुलीवरून भांडण झाले, समोरच्याने काठी उगारली, अठरा वर्षांच्या लाउरेलनी चाकू चालवला. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. १५ मार्च १९१२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षण मान्य करून त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा ते कायद्याचे विद्यार्थी होते.

या निकालाबाबत तीन चुका वारंवार होतात. खटल्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध लाउरेल’ असे आहे, म्हणून हा खटला अमेरिकेत चालला असा समज होतो. तो फिलिपिन्समध्येच चालला. त्या काळी फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष म्हणून अमेरिकेचेच नाव लागे. दुसरी चूक ‘खुनाचा आरोप’ लिहिण्याची. समोरचा तरुण वाचला होता. आपल्या फौजदारी कायद्यात ‘खुनाचा प्रयत्न’ ही एकच पायरी आहे, पण स्पॅनिश परंपरेच्या संहितेत तीन पायऱ्या असतात: पूर्ण झालेला गुन्हा, आरोपीने आपल्याकडून सगळे केले पण परिणाम घडला नाही असा फसलेला गुन्हा, आणि अर्धवट राहिलेला प्रयत्न. निकालपत्रात कोणती पायरी लिहिली आहे ते पाहूनच शब्द निवडा. तिसरी चूक म्हणजे ‘माफी मिळाली’ हे वाक्य. माफी आणि निर्दोष सुटका यांतला फरक या माणसाच्या चरित्रात पुढे जीवघेणा महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो इथूनच सांभाळा.

शिक्षणाचा भाग पटकन आटोपता येतो. १९१५ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठातून कायद्याची पदवी, त्याच वर्षीच्या वकिली परीक्षेत दुसरा क्रमांक, १९२० मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट. अधिष्ठाते जॉर्ज माल्कम हे त्यांचे गुरू. पुढे सर्वोच्च न्यायालयात लाउरेल यांनी त्याच माल्कम यांची जागा घेतली, ही नोंद मात्र सोडू नका.

निकालपत्र कसे वाचावे

२९ फेब्रुवारी १९३६ ते ५ फेब्रुवारी १९४२, म्हणजे जेमतेम सहा वर्षे ते न्यायमूर्ती होते. त्यांचे खरे टिकलेले काम याच सहा वर्षांतले आहे, आणि लेखाचा निदान एक तृतीयांश भाग त्याला द्यायला हवा. बहुतेक लेखांत त्याला एक वाक्य मिळते, याचे मनापासून वाईट वाटते.

पदनाम लिहिताना ‘सहयोगी न्यायाधीश’ असे अवघड भाषांतर नको. ‘न्यायमूर्ती’ पुरते, आणि प्रमुखाला ‘सरन्यायाधीश’.

संदर्भाची खूण आधी समजून घ्या. ‘६३ फिल. १३९’ म्हणजे फिलिपिन्स रिपोर्ट्सचा ६३ वा खंड, पान १३९. शेजारी ‘जी. आर. क्रमांक ४५०८१’ असे असते. तो न्यायालयाच्या नोंदवहीतला क्रमांक. युद्धानंतर ही नोंदवही नव्याने सुरू झाली आणि क्रमांकाआधी ‘एल’ अक्षर आले. म्हणजे ‘एल-४०९’ हा क्रमांक ४५०८१ पेक्षा लहान दिसला तरी तो नंतरचा आहे. क्रमांकावरून कालक्रम लावायला गेलात तर फसाल, तारीख पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-ग्रंथालयात हे निकाल विनामूल्य मिळतात.

निकाल वाचताना वरचा सारांश वगळा. तो संपादकाचा असतो, न्यायालयाचा नाही. मग थेट शेवटाला जा आणि आदेश काय दिला ते एका ओळीत लिहून घ्या: याचिका मंजूर की नामंजूर. त्यानंतर कोण सहमत, कोणी वेगळे मत लिहिले ते पाहा. मग सुरुवातीला येऊन तारखा कागदावर उतरवा आणि शेवटी युक्तिवाद वाचा. उलटा क्रम लावला की सुंदर वाक्यांच्या मोहात पडून निकाल नेमका कोणाच्या बाजूने लागला हेच विसरायला होते.

आंगारा विरुद्ध निवडणूक आयोग या १५ जुलै १९३६ च्या निकालावर ही रीत चालवून पाहा. शेवटचा आदेश: आयोगाने आपल्याविरुद्धची हरकत ऐकू नये म्हणून आंगारा यांनी केलेली मनाईची याचिका नामंजूर. आता तारखा. १७ सप्टेंबर १९३५ ला तायाबासच्या पहिल्या मतदारसंघात होसे आंगारा निवडून आले. ३ डिसेंबरला राष्ट्रीय सभेने ठराव करून, ज्यांच्याविरुद्ध हरकत आलेली नाही त्या सदस्यांची निवड पक्की केली. ८ डिसेंबरला प्रतिस्पर्धी पेद्रो इन्सुआ यांनी निवडणूक आयोगाकडे हरकत दाखल केली. ९ डिसेंबरला आयोगाने ठरवले की हरकतींसाठी आजचा दिवस शेवटचा. सगळा खटला या सहा दिवसांत मावतो. सभेने ३ तारखेला दार लावले असेल तर ८ तारखेची हरकत उशिराची. दार लावण्याचा अधिकार आयोगाचा असेल तर ती वेळेत. लाउरेल यांनी अधिकार आयोगाचा ठरवला. आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती आणि सभेचे सहा सदस्य, तीन बहुमतातले आणि तीन अल्पमतातले. घटना बनवणाऱ्यांनी निवडणुकीचे तंटे सभेच्या हातून काढून या मिश्र मंडळाकडे दिले ते मुद्दामच, असे निकालपत्र घटना परिषदेतल्या मसुद्यांचा माग काढत दाखवते. त्या परिषदेत लाउरेल स्वतः प्रतिनिधी होते. लेखात ही दोन टोके जोडा: १९३४-३५ मध्ये घटना घडवणारा माणूस दीड वर्षात तिचा अर्थ लावायला न्यायासनावर बसला.

याच निकालात त्यांनी न्यायालयाच्या अधिकाराची जी मांडणी केली ती फिलिपिन्समध्ये आजही आधार म्हणून घेतली जाते. न्यायालय राज्याच्या शाखांमधल्या सीमा आखते तेव्हा ते स्वतःला इतरांहून वरचे म्हणवत नाही; वरची असते ती घटना, आणि न्यायालय तिने सोपवलेले काम करते, असा तिचा आशय. ‘लाउरेल यांनी न्यायालय सर्वोच्च ठरवले’ असे लिहिलेत तर नेमके उलटे होईल. वेगळे सहमतीचे मत लिहिणाऱ्याचे नावही टिपून ठेवा: आबाद सांतोस. पुढे ते लागणार आहे.

कालालांग विरुद्ध विल्यम्स हा २ डिसेंबर १९४० चा निकाल (७० फिल. ७२६) जवळून पाहण्यासारखा आहे. मनिलाच्या रोसारियो रस्त्यावर सकाळी ७.३० ते १२.३० आणि दुपारी १.३० ते ५.३० घोडागाड्यांना बंदी. रिझाल अव्हेन्यूवर सकाळी ७ पासून रात्री ११ पर्यंत. मुदत एक वर्ष. एका नागरिकाने याला आव्हान दिले. सामाजिक न्यायाची लाउरेल यांनी केलेली व्याख्या इथलीच: साम्यवाद नव्हे, जुलूमशाही नव्हे, अराजक नव्हे, तर कायद्यात माणुसकी आणणे आणि राज्याने सामाजिक-आर्थिक शक्तींचा तोल राखणे, असा तिचा गाभा. ही व्याख्या गरिबांच्या बाजूचा निकाल म्हणून सर्रास उद्धृत होते. शेवटचा आदेश पाहा: याचिका फेटाळली, बंदी कायम. गाडीवानाचे पोट आणि रस्त्यावरची कोंडी यांत न्यायालयाने सार्वजनिक सोयीला वजन दिले. व्याख्या द्या, पण तिच्याखाली घोडागाड्या द्यायला विसरू नका.

आंग तिबाय हा २७ फेब्रुवारी १९४० चा निर्णय (६९ फिल. ६३५) मराठी वाचकाला सोपा जातो, कारण आपल्याकडे ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वे’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. आंग तिबाय हा पादत्राणांचा कारखाना. कातड्याच्या टंचाईचे कारण देऊन कामगारांना कमी केले. संघटनेचे म्हणणे, टंचाई खोटी, संघटनेची माणसे वेचून काढली. लाउरेल यांनी प्रकरण औद्योगिक न्यायालयाकडे नव्याने सुनावणीसाठी परत पाठवले आणि अशा न्यायाधिकरणांना पाळावे लागणारे सात हक्क सांगितले: म्हणणे आणि पुरावा मांडता आला पाहिजे, पुरावा विचारात घेतला गेला पाहिजे, निर्णयाला आधार हवा, तो आधार भरीव हवा, निर्णय पक्षकारांसमोर आलेल्या किंवा नोंदीतल्या पुराव्यावरच हवा, निर्णय घेणाऱ्याने स्वतः विचार करायला हवा, हाताखालच्याचे मत नुसते उचलायचे नाही, आणि निर्णयातून कारणे कळली पाहिजेत. इथे ‘कामगार जिंकले’ असे लिहू नका. त्यांना नवी सुनावणी मिळाली, एवढेच खरे.

वेळ असेल तर पीपल विरुद्ध वेरा (१९३७) घ्या. शिक्षा स्थगित ठेवून देखरेखीखाली सोडण्याचा कायदा प्रत्येक प्रांतात लागू करायचा की नाही हे प्रांतमंडळांच्या मर्जीवर सोडले होते. त्यामुळे अधिकार बेकायदा सोपवला गेला आणि समानताही मोडली, म्हणून तो रद्द झाला.

१९४१ ते १९४५ : इथे शब्द मोजून वापरा

या चार वर्षांसाठी तक्त्यात महिन्याऐवजी दिवस लिहा. डिसेंबर १९४१ मध्ये केसोन मनिला सोडून कोरेहिदोर बेटावर गेले. आबाद सांतोस त्याच महिन्यात सरन्यायाधीश झाले. २ जानेवारी १९४२ ला जपानी सैन्य मनिलात शिरले. लाउरेल मागे राहिले आणि जपान्यांच्या संमतीने बनलेल्या कार्यकारी आयोगात न्याय खाते, नंतर अंतर्गत खाते त्यांच्याकडे आले. मे १९४२ मध्ये जपान्यांनी आबाद सांतोस यांना सहकार्य नाकारल्याबद्दल मारले. एकाच न्यायालयातले, आंगारा निकालावर एकत्र सह्या केलेले दोघे. या दोन वाटा शेजारी ठेवल्याशिवाय लेख प्रामाणिक होत नाही. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. दोन तारखा पुरेशा बोलतात.

५ जून १९४३ ला वॅक वॅक गोल्फ मैदानावर लाउरेल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. त्या वर्षीच्या घटनेचा मसुदा ज्या पूर्वतयारी आयोगाने केला त्याचे अध्यक्ष तेच. २५ सप्टेंबरला राष्ट्रीय सभेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. इथे ‘निवडून आले’ एवढेच लिहिले तर वाचक मतदानाची कल्पना करेल. सभेतले निम्मे सदस्य प्रांतांचे गव्हर्नर आणि शहरांचे महापौर म्हणून पदसिद्ध, उरलेले ‘कालिबापी’ या एकमेव परवानगी असलेल्या संघटनेतून आलेले. हे एक वाक्य घालाच. आंगारा निकालात निवडणुकीच्या शुद्धतेसाठी झटणाऱ्या माणसाबद्दल ते लिहिताना हात जड होतो, तरी घाला.

५ आणि ६ नोव्हेंबर १९४३ ला टोकियोत भरलेल्या बृहत् पूर्व आशिया परिषदेत लाउरेल होते, आणि निरीक्षक म्हणून सुभाषचंद्र बोसही. मराठी वाचकाला हा काळ जवळचा वाटायला हा धागा उपयोगी आहे, पण दोघांना एकाच मापाने मोजू नका. बोस स्वतःहून मदत मागायला गेले होते. लाउरेल यांच्या देशात जपानी फौज बसलेली होती.

सप्टेंबर १९४४ चे वाक्य सर्वांत जपून लिहा. २१ तारखेला लष्करी कायद्याच्या घोषणेवर सही झाली आणि २३ तारखेपासून अमेरिका-ब्रिटनशी ‘युद्धस्थिती अस्तित्वात आहे’ असे जाहीर केले गेले. ‘अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले’ असे सरसकट लिहितात. घोषणेचा शब्द युद्धस्थितीचा आहे, आणि लाउरेल यांनी फिलिपिनो तरुणांची सैन्यात सक्तीची भरती केली नाही. समर्थक यालाच त्यांची ढाल म्हणतात, टीकाकार शब्दांचा खेळ म्हणतात. दोन्ही मते नोंदवा, पण आधी घोषणेचे शब्द जसेच्या तसे.

लेखाशेजारच्या माहितीच्या चौकटीत ‘आधीचे राष्ट्राध्यक्ष: केसोन, नंतरचे: ओस्मेन्या’ असे भरण्याचा मोह आवरा. केसोन परागंदा सरकारचे राष्ट्राध्यक्ष म्हणून १ ऑगस्ट १९४४ ला मरेपर्यंत अमेरिकेत होतेच, त्यांच्यामागे सेर्हियो ओस्मेन्या आले. म्हणजे एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्ष. लाउरेल यांनी आपले प्रजासत्ताक १७ ऑगस्ट १९४५ ला जपानमधल्या नारा इथून विसर्जित केले. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत यादीत त्यांना जागा मिळाली ती १९६० च्या दशकात.

देशद्रोह, माफी आणि दुसराच लाउरेल

सप्टेंबर १९४५ मध्ये अटक, टोकियोचा सुगामो तुरुंग, जुलै १९४६ मध्ये मायदेशी, आणि लोकन्यायालयात १३२ आरोप. मराठीत इथे ‘राजद्रोह’ लिहू नका. आपल्याकडे राजद्रोह म्हणजे सरकारविरुद्ध चिथावणी. शत्रूला साथ देण्याच्या गुन्ह्याला ‘देशद्रोह’ हा शब्द बरोबर.

राष्ट्राध्यक्ष रोहास यांनी २८ जानेवारी १९४८ ला राजकीय आणि आर्थिक सहकार्याच्या आरोपींना सर्वसाधारण माफी दिली आणि त्यात लाउरेल यांच्यावरचा खटला संपला. निर्दोष ठरले असे नाही, दोषी ठरले असेही नाही. निकालच लागला नाही. १९१२ ला मिळाली ती निर्दोष सुटका, १९४८ ला मिळाली ती माफी. लेखात ही दोन वाक्ये एकमेकांपासून दूर असली तरी शब्द वेगळेच राहिले पाहिजेत.

आणि एक सापळा. ‘लाउरेल विरुद्ध मिसा’ (एल-४०९, ३० जानेवारी १९४७) हा देशद्रोहाच्या कायद्यातला गाजलेला निर्णय: देश शत्रूच्या ताब्यात गेला म्हणून नागरिकाची निष्ठा स्थगित होत नाही. नाव आणि काळ जुळतो, म्हणून तो सर्रास होसे लाउरेल यांच्या खात्यावर टाकला जातो. त्यातले अर्जदार आनास्तासियो लाउरेल आहेत. निकालपत्राच्या पहिल्याच ओळीत ते नाव आहे; ती ओळ वाचली की चूक टळते.

उरलेली वर्षे

१९४९ ला नासियोनालिस्ता पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून एल्पिदियो किरिनो यांच्याकडून हरले. त्या निवडणुकीत गैरप्रकार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे सर्वमान्य आहे. १९५१ ची सिनेट वर आलीच. १९५२ मध्ये त्यांनी मनिलात लायसियम ही शिक्षणसंस्था सुरू केली. १९५३ ला स्वतः न लढता मॅगसेसे यांना पाठिंबा दिला. मॅगसेसे यांच्या काळातच अमेरिकेशी व्यापार कराराची फेरबोलणी करणाऱ्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते; लाउरेल-लँग्ली करार १९५५ मध्ये झाला आणि १९७४ ला संपला. त्याने पेसोच्या विनिमय दरावरचे अमेरिकन नियंत्रण काढले, पण अमेरिकनांचे समान हक्क, म्हणजे फिलिपिन्सची नैसर्गिक संपत्ती वापरण्यात फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क, रद्द केले नाहीत, उलट दोन्ही बाजूंना लागू केले. ‘अमेरिकन वर्चस्व संपवणारा करार’ हे म्हणूनच जास्तीचे होते. १९५६ चा रिझाल कायदा, म्हणजे होसे रिझाल यांचे साहित्य शाळा-महाविद्यालयांत शिकवण्याची सक्ती, हा रेक्तो यांचा मसुदा. शिक्षण समितीचे अध्यक्ष म्हणून तो सिनेटमध्ये मांडला लाउरेल यांनी. १९३१ चे प्रतिस्पर्धी इथे एका बाजूला आहेत.

मुलांचा उल्लेख करताना आद्याक्षरे पुन्हा तपासा. होसे बी. लाउरेल ज्युनियर हे प्रतिनिधीगृहाचे सभापती, साल्वादोर लाउरेल १९८६ ते १९९२ उपराष्ट्राध्यक्ष. ‘सभापती होसे लाउरेल’ एवढेच लिहिले तर बाप-लेकांची गल्लत झालीच म्हणून समजा.

सगळे लिहून झाल्यावर पहिले वाक्य पुन्हा लिहा. ‘फिलिपिन्सचे तिसरे राष्ट्राध्यक्ष’ याने सुरुवात केली की सहा वर्षांचे न्यायदान मागे ढकलले जाते, आणि नुसत्या ‘थोर न्यायमूर्ती’ याने केली की १९४३ लपते. असे चालेल: ‘होसे पासियानो लाउरेल (९ मार्च १८९१, तानावान, बातांगास – ६ नोव्हेंबर १९५९, मनिला) हे फिलिपिन्सचे कायदेपंडित आणि राजकारणी. १९३६ ते १९४२ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून त्यांनी १९३५ च्या घटनेचा अर्थ लावणारे पायाभूत निकाल लिहिले, आणि १९४३ ते १९४५ मध्ये जपानी ताब्यातल्या दुसऱ्या प्रजासत्ताकाचे ते राष्ट्राध्यक्ष होते.’ यात ‘जपानी ताब्यातल्या’ हे दोन शब्द संपादकाने जागेअभावी कापायला घेतले, तर त्याऐवजी जन्मगाव कापायला सांगा.